निफाडची थंडी आणि लीड्सची ओल

ताई, तुमचा प्रश्न वाचला. जानेवारीत नर्सच्या नोकरीवर इंग्लंडमध्ये लीड्सला यायचंय, सोबत यजमान आणि चार वर्षांची मुलगी, तिला बाळदम्याचा त्रास. "आम्ही निफाडचे, थंडी आम्हाला नवी नाही, पण हीटिंगच्या बिलांचे आकडे ऐकून पोटात गोळा येतो. कमी पैशांत घर उबदार कसं ठेवायचं?" असं तुम्ही विचारलंय. मी मूळची साताऱ्याची. लीड्समधला हा माझा नववा हिवाळा.

निफाडला पारा पाच-सहावर उतरतो हे खरं, पण दहा वाजता ऊन पडतं आणि अंगणात खुर्ची टाकून बसलं की हाडं मोकळी होतात. इथं डिसेंबरात सव्वाआठला उजाडतं, पावणेचारला सूर्य मावळतो, आणि मधल्या वेळात तो दिसेलच असं नाही. पारा बरेच दिवस शून्याच्या वरच असतो. जीव काढते ती ओल. एकदा गार झालेली भिंत मार्चपर्यंत आपणहून तापत नाही. म्हणून हीटर कोणता घ्यायचा ते मागाहून बघू, आधी घराचं बोलू.

लीड्समध्ये भाड्याने मिळणारी बरीच घरं लाल विटांची 'टेरेस' असतात. टेरेस म्हणजे गच्ची नव्हे, एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग. (मी पहिल्यांदा जाहिरात वाचून कपडे वाळवायला गच्ची मिळणार म्हणून खूश झाले होते.) त्यातही 'बॅक-टू-बॅक' हा इथला खास प्रकार. पाठीला पाठ लावलेली ही घरं या शहरात १९३७ पर्यंत बांधली जात होती. रांगेतल्या मधल्या घराला तीन बाजूंनी शेजारी, बाहेरची भिंत एकच, त्यामुळे ऊब टिकते. पण खिडक्याही त्या एकाच बाजूला, वारा आरपार जात नाही आणि आतली वाफ आतच राहते. रांगेच्या टोकाचं घर मात्र टाळा. तिथं तुमच्या पैशांनी बाहेरची हवा तापते.

घर बघायला जाल तेव्हा बाहेरून विटा बघा. सगळ्या विटा लांबट दिसत असतील तर बहुधा दुहेरी भिंत आहे, मध्ये पोकळी आहे. लांब-आखूड अशा आलटून पालटून दिसत असतील तर भिंत भरीव, म्हणजे थंडी झिरपणारी. मग घराचं ईपीसी मागा. हा ए (सगळ्यात चांगला) ते जी असा ऊर्जेचा दाखला असतो, पोस्टकोड टाकून सरकारी वेबसाइटवर फुकट बघता येतो. ई च्या खालचं घर काही अपवाद सोडले तर भाड्याने देता येत नाही, पण ई वर समाधान मानू नका, सी किंवा डी शोधा. भाडं थोडं जास्त पडलं तरी मी तेच घर घेईन.

आणि नाक वापरा. कपाटाच्या मागे, खिडकीच्या कोपऱ्यात, बाथरूमच्या छताला बघा. एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर समजून जा. आमच्या पहिल्या घरमालकाने तसाच रंग मारून दिला होता, नोव्हेंबरात त्यातून काळे ठिपके वर आले. तुमच्या मुलीच्या छातीला ती बुरशी अजिबात चालणार नाही. तक्रार करायची वेळ आली तर फोनवर न बोलता फोटोसकट ईमेल करा.

आता बिल. चावी मिळाल्या दिवशी गॅस आणि विजेच्या मीटरचे फोटो काढा. आम्ही काढले नाहीत आणि कंपनीने अंदाजे आकडा धरून आधीच्या भाडेकरूची वीज आमच्या माथी मारली. ते निस्तरायला चार महिने गेले. काही वापरलं नाही तरी रोजचा स्थिर आकार लागतोच. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट महाग असतं. वीज २५ पेन्स, म्हणजे पाव पौंड धरली तर दोन किलोवॉटचा हीटर पाच तास चालला की दहा युनिटं, म्हणजे दिवसाला अडीच पौंड, तेही एका खोलीचे. तेलाचा असो की पंख्याचा, तेवढ्याच विजेत ऊब तेवढीच मिळते. दुकानातल्या जाहिरातींना भुलू नका. घरात पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर असेल तर तोच वापरा.

बॉयलर 'कॉम्बी' असेल, म्हणजे गरम पाण्याची वेगळी टाकी नसेल, तर रेडिएटरला, म्हणजे त्या गरम पाण्यावर खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्याला, जाणाऱ्या पाण्याचं तापमान ६० अंशांवर किंवा थोडं खाली आणा. बरेचदा ते ७०-८० वर ठेवलेलं असतं आणि गॅस उगाच जळतो. थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवायचं बटण, १८ वर ठेवा, मुलगी खोकत असेल तर १९. सकाळी दोन तास, संध्याकाळी चार तास असा टायमर लावा. रेडिएटरपुढे सोफा ठेवू नका. वरचा भाग गार आणि खालचा गरम लागला तर आत हवा अडकलीय. छोट्या चावीने ती सोडायची, पाच मिनिटांचं काम आहे.

चार वाजले की पडदे ओढा. आमच्याकडे पडद्यामागे सोलापुरी चादर शिवलेली आहे आणि दाराखालच्या फटीला जुन्या साडीत चिंध्या भरून केलेला लोड आहे. इथले पाहुणे त्याचं फार कौतुक करतात, त्यांना वाटतं विकत आणलाय.

ओलीचं मात्र मनावर घ्या, कारण ती आपणच तयार करतो. कुकरच्या शिट्ट्या, उकळती डाळ, गरम पाण्याची अंघोळ, आत वाळत घातलेले कपडे, ही सगळी वाफ सगळ्यात गार भिंतीवर जाऊन बसते. कपडे रेडिएटरवर कधीच टाकू नका. बाथरूममध्ये दोरी बांधा, दार बंद, हवा बाहेर फेकणारा पंखा चालू. कढई-पातेल्यावर झाकण ठेवा. सकाळी काचेवरचं पाणी फडक्याने पुसून घ्या आणि दहा मिनिटं खिडक्या उघडा. थंडीत खिडकी उघडायची हे ऐकून माझ्या सासूबाई फोनवर ओरडल्या होत्या, पण कोंडलेली दमट हवा तापवायला कोरड्या हवेपेक्षा जास्त गॅस लागतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पैसे टाकायचेच असतील तर हीटरऐवजी ओल शोषणाऱ्या डीह्युमिडिफायरवर टाका. २०० वॉटचा पाच तास चालला तर एकच युनिट जातं. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळही घ्या, काटा साठ टक्क्यांच्या खाली हवा.

शेगडी, कोळसा, रॉकेल घरात पेटवायचा विचारही करू नका. बंद घरात कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. बॉयलरच्या खोलीत त्याचा अलार्म हवा आणि गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी झालेली हवी, दोन्ही घरमालकाची जबाबदारी.

आल्या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. इंग्लंडमध्ये सोळाच्या आतल्या मुलांना प्रिस्क्रिप्शनची औषधं फुकट मिळतात, इनहेलरसुद्धा. जीवनसत्त्व ड रोज १० मायक्रोग्रॅम: तुम्हा दोघांना निदान ऑक्टोबर ते मार्च, आणि आपल्या सावळ्या कातडीला बारा महिने घेतलं तरी चालेल. मुलीला पाच वर्षांची होईपर्यंत वर्षभर द्यायचंच असतं. तूप आणू नका, दुधाच्या पदार्थांना बंदी आहे. डिंक, कुळीथ, बाजरीचं पीठ शेजारच्या ब्रॅडफर्ड शहरातल्या दुकानांत मिळतं. लाडू इथंच करा.

नाशकातून जाड स्वेटर घेऊ नका, इथल्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, चांगली लोकर कमी पैशांत मिळते. रबरी गरम पाण्याची पिशवी मात्र नवीच घ्या, आणि उकळतं पाणी भरू नका.

जानेवारीत येताय, तर घरमालकाला सांगून एक दिवस आधी हीटिंग सुरू करायला लावा. भरीव भिंत तापायला वेळ लागतो. पहिले दोन दिवस तिघंही एकाच खोलीत झोपा, दार लावून. आणि मुलीचे लोकरी मोजे व इनहेलर हातातल्या बॅगेत ठेवा. आमच्या बॅगा दोन दिवस उशिरा आल्या होत्या.