आल्याचा सोडा: बाटलीत की केगमध्ये?

प्रश्न: घरच्या आल्याचा यीस्ट घालून फसफसता सोडा करतो. उन्हाळ्यात काचेच्या बाटल्या फुटल्या. केग (दाबाखाली पेय साठवायची, नळ असलेली धातूची टाकी) घ्यावा का?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर: आधी काच बंद करा, केगचा विचार नंतर. लिटरमागे 4 ग्रॅम साखर आंबली की साधारण एक लिटर कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. चांगल्या फसफशीला 10-12 ग्रॅम पुरतात. गोडीसाठी तुम्ही 60-70 ग्रॅम घालत असाल, तर उरलेल्या साखरेवर यीस्टचं काम चालूच राहतं आणि काच फुटते. तुकडे डोळ्यात जाऊ शकतात, म्हणून इथे धोका पत्करूच नका.

कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटल्या वापरा. पाण्याच्या पातळ बाटल्या नकोत. वर तीन बोटं जागा सोडा, सकाळ-संध्याकाळ दाबून पाहा. बाटली दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. मे महिन्यात एक दिवसही पुरतो. फ्रिजमध्ये यीस्ट मंदावतं, मरत नाही, आठवड्यात संपवा. थोडं अल्कोहोलही तयार होतं, लहान मुलांना देऊ नका.

केगमध्ये हाच वायू सिलिंडरमधून येतो, त्यामुळे आंबवायची गरजच नाही. यीस्ट न घालता गाळलेला रस भरा, 4 अंशांना 12 पीएसआय (दाबाचं एकक) दाबावर आठवडाभर ठेवा. मलमलीतून दोनदा गाळा, नाहीतर चोथ्याने नळाकडे जाणारी नळी तुंबते. ग्लासात नुसता फेस आला तर नळी आखूड आहे. 5 मिमी आतल्या व्यासाची, तीन मीटर लांब घ्या. सांध्यांना साबणपाणी लावा, बुडबुडे दिसले तर रबरी रिंग बदला.

19 लिटरचा केग उभा मावेल असा फ्रिज नसेल, तर आमचं मत बाटल्यांनाच.