एआय लॅपटॉप घेऊ की साध्यावर भागेल?

प्रश्न : मी कराडमध्ये जीएसटी आणि आयकराची कामं करते. लॅपटॉप 2017चा आहे. आय-5 सेव्हन्थ जनरेशन, 8 जीबी रॅम, 1 टीबी हार्ड डिस्क. टॅली, सरकारी पोर्टल, डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीत लावतात ते) आणि एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, एवढ्यावर माझा धंदा चालतो. हे मशीन विंडोज 11 घेत नाही. मुलगा म्हणतो, ‘आई, घ्यायचाच तर एआय लॅपटॉप घे.’ दुकानदाराने स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा दाखवला. साध्यापेक्षा बराच महाग आहे. घ्यावा का?

उत्तर : ताई, लॅपटॉप बदला, पण एआयच्या नावाखाली जास्तीचे पैसे देऊ नका. आणि स्नॅपड्रॅगनचा तर तुमचं टोकन त्यात लावून, सही करून दाखवल्याशिवाय अजिबात घेऊ नका.

दुकानात पाहिलेल्या त्या लॅपटॉपवर ‘कोपायलट प्लस’ असं लिहिलेलं असणार. मायक्रोसॉफ्टने मे 2024मध्ये हा प्रकार जाहीर केला. त्यात किमान 16 जीबी रॅम, 256 जीबी स्टोरेज आणि एआयच्या कामांसाठीचा एनपीयू नावाचा वेगळा भाग लागतो, जो सेकंदाला किमान 40 लाख कोटी आकडेमोडी करू शकतो. आकडा खरा आहे, पण त्यातली एकही आकडेमोड तुमच्या कामाच्या वाट्याला येत नाही. टॅलीतली एंट्री एनपीयूकडे जातच नाही. 11 आणि 20 तारखेला पोर्टल अडकतं ते पलीकडच्या सर्व्हरवर गर्दी होते म्हणून. व्हिडिओ कॉलमध्ये मागची भिंत धूसर करणं, बोललेलं स्क्रीनवर लिहून दाखवणं, चित्रं बनवणं अशा कामांना एनपीयू उपयोगी पडतो. आणि चॅटजीपीटी किंवा जेमिनीला प्रश्न विचारलात, तर उत्तर दूरच्या डेटा सेंटरमध्ये तयार होतं. तुमच्या 2017च्या मशीनवरही तेच उत्तर येईल. एआय वापरायला एआय लॅपटॉप लागतो, हा समज विक्रेत्यांनी वाढू दिला आहे आणि त्यापायी लोक कर्ज काढून मशीन घेताना मी पाहतो. मला त्याची चीड येते.

स्नॅपड्रॅगनची अडचण वेगळी आहे. तो एआरएम जातीचा प्रोसेसर आहे, मोबाइलमध्ये असतो तसा. बॅटरी खरोखर दिवसभर पुरते, मशीन तापत नाही. सतत फिरतीवर असणाऱ्या लेखकाला किंवा पत्रकाराला मी तो आनंदाने सुचवीन. इंटेलसाठी लिहिलेले बरेच प्रोग्रॅम तो आतल्या आत रूपांतर करून चालवतो. ड्रायव्हरचं, म्हणजे प्रिंटर किंवा टोकन मशीनला ओळखायला लावणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, मात्र तसं होत नाही, तो एआरएमसाठी वेगळा लिहिलेलाच लागतो. जुने प्रिंटर, स्कॅनर, सहीची टोकनं यांची गाडी तिथेच अडते. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी टोकन ओळखलं गेलं नाही तर पक्षकाराला काय सांगणार? म्हणून दुकानात जाताना टोकन पर्समध्ये टाका. प्रिंटर उचलून नेणं जमणार नाही, त्याचा मॉडेल नंबर लिहून न्या आणि कंपनीच्या साइटवर एआरएमचा ड्रायव्हर आहे का, ते दुकानदाराला तुमच्यासमोर उघडून दाखवायला लावा.

पाच वर्षांचा विचार करून घे, असं कोणी म्हटलं की मला ऑप्टेन आठवतं. 2017मध्ये इंटेलने ही नवी मेमरी बाजारात आणली. हळू हार्ड डिस्कला वेग देणारी म्हणून तिची जाहिरात झाली. चीज चांगली होती. पण तोवर साधी एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, इतकी स्वस्त झाली की मधल्या उपायाची गरजच संपली आणि जुलै 2022मध्ये इंटेलने तो धंदा गुंडाळायचं ठरवलं. ऑप्टेनवाले लॅपटॉप दुरुस्तीला येतात, तेव्हा आम्ही एसएसडी बसवून देतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

तुमचं मशीन हळू चालत असेल तर एकदा विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून बघा. सुरू केल्यावर कितीतरी वेळ डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवर चिकटून बसलेला दिसेल आणि प्रोसेसर बिचारा रिकामा असेल. हा सगळा हार्ड डिस्कचा दोष. पैसे आत्ता मोकळे नसतील तर अडीच इंची साटा एसएसडी टाकून घ्या, फरक पहिल्याच दिवशी कळेल. मात्र विंडोज 10चा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला आहे. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026पर्यंत सुरक्षा अपडेटची जास्तीची मुदत दिली आहे, पण त्यासाठी सेटिंग्जमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं. तुमच्याकडे लोकांचे पॅन आणि बँकेचे तपशील आहेत. त्यामुळे या मुदतीपलीकडे ते मशीन इंटरनेटला लावू नका. विंडोज 11 आडमार्गाने चढवून देणारे भेटतील, त्यांनाही नकोच म्हणा. अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

नवा घ्याल तो इंटेल किंवा एएमडीचा, 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडीवाला साधा लॅपटॉप घ्या. पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, तेवढं विचारून घ्या. मुलाने हट्टाने कोपायलट प्लस आणलाच, तर तोही इंटेल किंवा एएमडीचा मिळतो. त्यातली ‘रिकॉल’ सोय सुरू करू नका. ती थोड्या थोड्या वेळाने तुमच्या स्क्रीनचे फोटो साठवते, म्हणजे पुढे शोधता यावं. सुरक्षेवरून एवढी ओरड झाली की 2024मध्ये ती लांबणीवर टाकावी लागली. एप्रिल 2025मध्ये बदल करून आली, आता आपण परवानगी दिली तरच चालते. तरी दुसऱ्यांचे हिशेब असलेल्या स्क्रीनचे फोटो साठवायचेच कशाला?

प्रश्न : वडील अठ्ठ्याहत्तरचे आहेत, हात थरथरतो. फोनवर मराठीत बोलून लिहिणं जमेल का? त्यासाठी नवा फोन घ्यावा लागेल का? (रत्नागिरी)

उत्तर : जमेल, आणि फोन बदलू नका. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये ऑगस्ट 2017पासून मराठी बोलून लिहिता येतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा, कीबोर्डवरच्या माइकच्या चिन्हावर बोट ठेवायला शिकवा, बस. सामान्य माणसाच्या रोजच्या उपयोगाचं तंत्रज्ञान म्हणतात ते हे. घरची बोली बोलले की काही शब्द जीबोर्ड प्रमाण मराठीकडे ओढतो आणि विरामचिन्हं सोडून देतो, पण नातवाला तेवढं कळतं. घरच्यांशी बोलायला तर व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेजच बरा. आंब्याच्या पेट्यांचे आणि पैशांचे आकडे लिहून पाठवायचे असतील, तर मात्र पाठवण्याआधी घरातल्या कोणीतरी एकदा वाचून बघावेत.