रिकामं घर आणि जुना बाजार: काय घ्यावं, काय सोडावं

तुम्ही विचारलंय की दोन महिन्यांनी तीन वर्षांच्या मुलासह परदेशी जायचंय, घर रिकामं मिळणार आहे आणि पहिलं वर्ष हात आखडूनच काढायचंय. मग जुनं सामान घ्यावं का, त्यात फसगत कशी टाळायची, आणि मिक्सर-कुकर सोबत न्यावे का? देश लिहिलेला नाहीत, त्यामुळे कुठेही लागू पडेल तेवढंच सांगतो.

जुनं जरूर घ्या. पण वस्तू कशाची बनलीय ते आधी बघा, किंमत नंतर. लाकूड, लोखंड, स्टील, काच, लोकर आणि कागद या गोष्टी जुन्या झाल्या तरी कामाच्या राहतात. फोम, रबर, गोंद, प्लास्टिक आणि कसलाही लेप, हे सगळं नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. पुढचं बहुतेक सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

फर्निचरपासून सुरुवात करू, कारण पैसे वाचतात तेही तिथेच आणि बुडतात तेही तिथेच. कपाटाचा दर्शनी भाग बघण्यात वेळ घालवू नका, तो सगळ्यांचाच चांगला असतो. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. कोपऱ्यात पुढची आणि बाजूची फळी दोन्ही हातांची बोटं गुंतवावीत तशी एकमेकींत बसली असतील, म्हणजे सुतार ज्याला डोव्हटेल म्हणतात तो जोड असेल, तर ते कपाट अजून बरीच वर्षं सरकन उघडेल. नुसत्या पिना आणि गोंदाचे ओघळ दिसले तर पुढची फळी एक दिवस हातात येणार. मग कड बघा. वरच्या फळीवरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड भरीव आहे. रेषा कडेला एकदम तुटून तिथे चिकटपट्टी लागत असेल तर वर व्हिनिअर (लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा) किंवा छापील कागद आहे. व्हिनिअर वाईट नसतं, पण ते बहुधा एक मिलिमीटरहून पातळ असतं. घासून पॉलिश करायचा बेत असेल तर खालचं लाकूड उघडं पडेल.

पट्टी सुटलेल्या जागी दाबलेला भुसा दिसला तर तो पार्टिकल बोर्ड. पाणी लागून तो एकदा फुगला की पुन्हा बसत नाही, म्हणून पाय आणि सिंकजवळची बाजू हाताने चाचपून बघा. अशा फर्निचरचा आणखी एक दोष म्हणजे ते खोलून परत जोडलं की स्क्रूची भोकं सैल होतात. जोडलेलं कपाट अख्खंच उचलून न्यायची सोय असेल तरच घ्या. विकणारा ‘सगळे भाग आहेत, फक्त जोडायचंय’ म्हणाला तर पुढचं घर बघा. लाकडात एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली ताजी पिवळसर पूड पडलेली असेल तर आत कीड जिवंत आहे. भोकं जुनी, काळवंडलेली असतील आणि पूड नसेल तर बहुधा किडीचं काम आटोपलेलं असतं.

सोफ्याची परीक्षा सोपी आहे. पुढचा एक पाय जमिनीपासून १५ सेंटिमीटर उचला. तोपर्यंत पुढचा दुसरा पायही उचलला गेला असेल तर सांगाडा घट्ट आहे. तो अजून जमिनीवरच असेल तर सांगाडा पिळवटतोय. त्यावर नवं कापड चढवण्यात अर्थ नाही.

आणि मोजमाप! स्वतःच्या घराचं दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजून फोनमध्ये ठेवा. सोफा फुकट मिळाला आणि टेम्पो, दोन हमाल, शिवाय दार काढणारा सुतार असा खर्च झाला, की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वाहतूक धरूनच किंमत मोजत जा.

आता ढेकूण. श्रीमंत देशात ते नसतात अशी समजूत घेऊन जाऊ नका. कापड किंवा गादी लावलेली कुठलीही वस्तू टॉर्चच्या उजेडातच बघायची. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा, चपटा आणि तपकिरी असतो. पण तो क्वचितच दिसतो, दिसतात त्याच्या खुणा. शिवणीत आणि पाइपिंगच्या (कडेला शिवलेल्या गोल पट्टीच्या) कडेने शाईसारखे काळे ठिपके (ओल्या कापडाने पुसले की पसरतात) आणि पारदर्शक, पिवळट काती. जुनं एटीएम कार्ड शिवणीतून ओढत न्या, स्क्रूची भोकं बघा, खाली ठोकलेलं काळं कापड सुटलं असेल तर आत उजेड टाका. शंका आली की वस्तू तिथेच सोडायची, कारण ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो. ‘गॅरेजमध्ये पडून होती’ ही काही खात्री नव्हे. कपडे घरात नेण्याआधी ६० अंशांवर धुवा किंवा ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर अर्धा तास तरी फिरवा. लोकर किंवा पुस्तकं असतील तर पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान ४ दिवस ठेवा.

तुमच्याबरोबर लहान मूल आहे, म्हणून हे जरा ठासून सांगतो. गाडीतली मुलाची सीट अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका. अपघातात तिला बसलेला हादरा बाहेरून दिसत नाही. शिवाय प्लास्टिक कालांतराने कमजोर होतं, म्हणून बऱ्याच सीटांवर मुदतीची किंवा उत्पादनाची तारीख कोरलेली असते. सायकलचं हेल्मेटही नवंच घ्या. त्यातला फोम एकदाच चिरडला जाऊन डोकं वाचवतो, दुसऱ्यांदा नाही. बाजू खाली सरकणारा पाळणा दिसला तर तिथून निघा. मुलं अडकून दगावल्यामुळे अमेरिकेत २०११ पासून तशा पाळण्यांच्या विक्रीवर बंदी आहे. गादी, उशी आणि विजेवर तापणारं पांघरूण नवंच घ्यायचं. धुराचा अलार्म १० वर्षांनी बदलायचा असतो, तोही जुना नको. याउलट मुलांची पुस्तकं, लाकडी ठोकळे आणि जाकिटं जुनीच घ्या, मुलं वस्तू झिजवण्याआधी स्वतः वाढतात.

स्वयंपाकघरात जुन्या बाजाराची खरी मजा आहे ती बिडाच्या तव्यात. गंजलेला तवा लोक जवळपास फेकून देतात. गंज हा दोषच नाही, तडा हा दोष आहे. तवा एका बोटावर लटकवून लाकडी चमच्याने वाजवा. टणत्कार घुमला तर अखंड आहे, बद्द आवाज आला तर तडा शोधा. सपाट टेबलावर ठेवून कडा दाबा. डुगडुगला तर गॅसवर चालून जाईल, काचेच्या शेगडीवर त्रास देईल. घरी आणून स्टीलच्या घासणीने लालसर गंज पूर्ण काढा, धुवा आणि लगेच आचेवर कोरडा करा. तेलाचा हात फिरवा आणि मग जणू चुकून लागलंय अशा रीतीने ते सगळं पुसून टाका. ओव्हनमध्ये २३० अंशांवर तासभर उलटा ठेवा आणि आतच निवू द्या. हेच दोन-तीन वेळा करा. तवा चिकट झाला तर तेल जास्त राहिलं होतं असं समजा, बाकी काही चुकलेलं नसतं.

इंडक्शनची शेगडी असेल तर खिशात लोहचुंबक ठेवा. तळाला घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. ओरखडे पडलेलं नॉनस्टिक फुकटही नको. झगझगीत जुन्या क्रिस्टलच्या सुरया मोहात पाडतात, पण लेड क्रिस्टल म्हणून विकल्या जाणाऱ्या काचेत साधारण २४ टक्क्यांहून जास्त लेड ऑक्साइड असतं. फुलं ठेवा, पेय साठवू नका.

मिक्सरचं उत्तर देशावर ठरतं. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, उत्तर अमेरिकेत १२०, आणि जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी २२० ते २४०. तिसऱ्या गटात जात असाल तर फक्त पिन बदलावी लागेल, मिक्सर न्या. पहिल्या दोन गटांत ७५० वॅटच्या मिक्सरला व्होल्टेज वाढवणारा निदान १५०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागतो, कारण मोटर सुरू होताना जास्त वीज खेचते. तो जड असतो आणि ओट्यावरची जागा खातो. माझ्या मते तिथलाच घ्यावा. इस्त्री आणि केटल तर अजिबात नेऊ नका. व्होल्टेज निम्मं झालं की तापणाऱ्या उपकरणाची ताकद निम्मी नव्हे, पाव होते. कुकर मात्र न्या, सोबत दोन गॅस्केट आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवा. रबर परदेशात मिळेलही, पण नेमक्या तुमच्या मॉडेलचं मिळेलच असं नाही. चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट’ छापलेलं असेल तर तो कुठेही चालतो.

जुना फ्रिज बघायला जाण्याआधी ‘चालू ठेवा’ असा निरोप द्या. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निसटला तर रबर गेलंय. आडवा करून आणला असेल तर घरी उभा ठेवून दिवसभर थांबा आणि मगच चालू करा, नाहीतर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असताना तो सुरू होतो. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा ड्रम आतून हाताने वर-खाली हलवा. खडखडून सैल वाजला तर बेअरिंग संपलंय. विकणाऱ्याकडे मागचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम जागच्या जागी धरणारे) आहेत का विचारा, ते न लावता मशीन हलवलं तर ड्रमच्या स्प्रिंगा वाटेत बिघडतात.

फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) बघा, तो चोरीच्या यादीत नाही ना ते तपासा आणि विक्रेत्याने तुमच्यासमोर स्वतःचं खातं काढून फोनमधलं सगळं पुसलं पाहिजे. ‘घरी जाऊन करतो’ चालणार नाही. लॅपटॉप विकणाऱ्याच्या आधीच्या कंपनीने दुरून कुलूपबंद करता येईल असा ठेवलेला नाही ना आणि कीबोर्डची मांडणी ओळखीची आहे ना, हेही बघा. जर्मनीत झेड आणि वाय यांच्या जागा बदललेल्या असतात, फ्रान्समध्ये ए आणि क्यू यांच्या.

कपड्यांचे आकडे देशागणिक बदलतात, म्हणून आकड्यावर जाऊ नका. अंगाला नीट बसणारा एक शर्ट, एक पँट आणि एक कोट सपाट ठेवून छाती, खांदा, बाही आणि कंबर मोजा आणि टेप खिशात ठेवा. कापड उजेडासमोर धरा, काखेत आणि मांडीच्या जोडावर विरलेपण दिसतं. चेन दोनदा लावून-काढून बघा. लोकरीवर आलेले गोळे काढता येतात, कसरीची भोकं नाही. पावसाळी जाकिटाचं आतलं अस्तर उलटून बघाच. कोंड्यासारखे पापुद्रे सुटत असतील तर पाणी अडवणारा थर गेलाय आणि तो परत बसवता येत नाही. मऊ तळाचे बूट कोरे दिसले तरी वाकवून बघा. पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्याने कपाटातच कुजतो आणि पहिल्याच पावसात भुगा होतो.

भावाबद्दल. लोक मागतात ती किंमत आणि वस्तू विकली जाते ती किंमत यांत अंतर असतं. ईबेसारख्या ऑनलाइन बाजारात ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ असा फिल्टरचा पर्याय आहे, तोच बघा. धर्मादाय दुकानात भाव ठरलेला असतो, तिथे घासाघीस करू नका. उघड्या बाजारात करा, पण वस्तूला नावं ठेवून नाही. तीन वस्तू एकत्र घेऊन ‘तिन्हींचे मिळून किती?’ विचारा. सकाळी लवकर निवड चांगली मिळते, बाजार उठण्याच्या वेळेला भाव. घरभाडं महिनाअखेर संपतं तिथे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि विद्यापीठाच्या गावात शैक्षणिक वर्षाचा शेवट, यावर लक्ष ठेवा.

थोडं नुसतं भटकणंही करा. चमच्याच्या मागे ९२५ असेल तर १००० भागांत ९२५ भाग चांदी, ईपीएनएस असेल तर नुसता मुलामा. दागिन्यावर ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४. पृथ्वीगोल दिसला तर आफ्रिका बघा. झाईर (आजचा डेमोक्रॅटिक काँगो) असेल तर तो गोल १९७१ ते १९९७ मधला. विकणारा ‘शंभर वर्षांचा’ म्हणत असेल तर हसून पुढे चला.

नवख्यांवर डोळा ठेवून असलेले ठग सगळीकडे असतात. आगाऊ पैसे, कुरिअरची लिंक आणि ‘आलेला कोड सांगा’, या तिन्हींना एकच उत्तर: नाही. वस्तू डोळ्यांनी बघायची आणि हातात आल्यावर पैसे द्यायचे.

हाताशी दोन महिने आहेत, ते वाया घालवू नका. तिथल्या भाषेत कपाट, पलंग, ड्रॉवर यांना काय म्हणतात ते शिका, कारण जाहिरात त्याच भाषेत असते. ज्याला आपल्याकडची वस्तू काय आहे हे ठाऊक नसतं तो नुसतं ‘जुनी खुर्ची’ लिहितो, तोही शब्द टाकून शोधा. आत्तापासून शोध जतन करून ठेवा आणि प्रत्येक किंमत घरच्या चलनात गुणू नका. तिथल्या एका दिवसाच्या मजुरीशी ताडून बघा. निघेपर्यंत काहीही विकत घ्यायचं नाही, नुसते भाव बघत राहायचं. पहिल्या रात्रीसाठी अंथरूण, एक पातेलं, एक सुरी आणि दोन ताटं बॅगेत असली की बाकीच्याची घाई नाही.