चुनी गोस्वामी ‘अष्टपैलू’ की आणखी काही?

प्रश्न असा आहे : चुनी गोस्वामी फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही खेळायचे, मग त्यांना ‘अष्टपैलू खेळाडू’ म्हणावं का? की तो शब्द फक्त क्रिकेटचा?

शब्द मुळात क्रिकेटचा नाही. ‘पैलू’ फारसी ‘पहलू’वरून आला, म्हणजे बाजू, हिऱ्याला पाडतात ते पैलू हेच. ‘अष्ट’ इथे मोजायचं नसतं, अष्टावधानी माणसाची अवधानं तरी कोण मोजतं? सत्कार समारंभात तर प्रत्येक उत्सवमूर्ती ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’ असतेच. पण क्रीडापानावर या शब्दाचा अर्थ आखडला. विनू मांकड अष्टपैलू म्हणजे फलंदाजही आणि गोलंदाजही, बस्स.

गोस्वामींच्या बाबतीत गंमत अशी की हा आखडलेला अर्थही त्यांना लागू पडतो. १९६६ मध्ये इंदूरला मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघाने सोबर्सच्या वेस्ट इंडिजला डावाने हरवलं, तेव्हा त्यांनी मध्यमगती माऱ्यावर सामन्यात ८ बळी घेतले. १९६८-६९ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध ९६ आणि ८४ धावा केल्या. १९७१-७२ च्या अंतिम सामन्यात ते बंगालचे कर्णधार होते, समोर पुन्हा मुंबईच. म्हणजे नुसतं ‘अष्टपैलू गोस्वामी’ लिहिलंत, तर वाचक हाच हिशेब धरणार आणि १९६२ चं जाकार्ता बाहेरच राहणार. तिथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवून आशियाई क्रीडा स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं. त्यांची खरी ओळख ती आहे. क्रिकेट नंतरचं.

म्हणून दोन खेळांसाठी मी ‘अष्टपैलू’ टाळेन. ‘हरहुन्नरी’ जवळचा आहे, पण त्याला थोडी नाटकमंडळीची छटा आहे. पेटी वाजवणारा, पडदेही रंगवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘फुटबॉलपटू आणि क्रिकेटपटू’ चालेल, मात्र नाव लगेच जोडा. ‘कार्यक्रमाला फुटबॉलपटू आणि क्रिकेटपटू आले’ म्हटलं की दोन खुर्च्या मांडल्या जातील! सगळ्यात बरं म्हणजे क्रियापद कामाला लावावं : ‘गोस्वामींनी फुटबॉल गाजवला आणि रणजीही खेळले.’ ‘रणजी खेळणे’ हा आपला अस्सल प्रयोग आहे, त्यात ‘करंडक’ घुसडायची गरज नाही. तसंच ते कोलकात्याच्या मोहन बागान क्लब‘कडून’ फुटबॉल खेळले, क्लब‘साठी’ नव्हे.

जाता जाता : बंगालीत सगळ्या गोष्टींत तरबेज असलेल्याला ‘चौकस’ म्हणतात. त्यांच्याविषयीचा बंगाली मजकूर मराठीत आणताना हा शब्द तसाच ठेवलात, तर बिचारे गोस्वामी शेजाऱ्यापाजाऱ्यांची चौकशी करत हिंडणारे ठरतील.