खेड्यातल्या पोराला व्यावसायिक गोलकीपर व्हायचं असेल तर वाट कोणती?

प्रश्न भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यातल्या एका वडिलांचा आहे. पोरगा चौदाचा, नववीत, शाळेच्या टीमचा गोलकीपर. अकादमीत टाकायचा का, किती वर्षं वाट पाहायची, आणि नाही जमलं तर पुढे काय?

भाऊ, मी तुमच्याच बाजूचा. नागपूर लीगमध्ये कीपर म्हणून खेळलो, त्याच जोरावर नोकरी लागली, आता रविवारी पोरांना कीपिंग शिकवतो. तेव्हा सांगतोय ते आपल्याकडच्या हिशेबानं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. टीममध्ये गोलची जागा एकच. फॉरवर्ड दमला की बदलतात. कीपर मात्र जखमी झाला किंवा फारच माती खाल्ली, तरच बाहेर येतो. दोन नंबरचा कीपर अख्खा सीझन बाकावर काढतो, सराव कितीही चांगला असो. म्हणून अकादमीचं नाव केवढं मोठं हे पाहू नका, तिथं पोराला मॅच किती मिळतील ते पाहा. ट्रायलला गेल्यावर दोन प्रश्न बिनधास्त विचारा: याच्या वयाचे कीपर आधीच किती आहेत, आणि कीपरसाठी वेगळा कोच आहे का? उत्तर देताना समोरचा गोलगोल बोलायला लागला की समजून जा.

ही गोष्ट फार वरपर्यंत लागू आहे. भारताचा गोलकीपर गुरप्रीत सिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला, युरोपा लीगच्या पात्रता फेरीतही खेळला, पण तिथल्या लीगमध्ये त्याला मोजकेच सामने मिळाले. २०१७ मध्ये तो बेंगळुरूला परतला आणि पुढच्या वर्षांत सलग दोनदा आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, गोल्डन ग्लोव्ह (सर्वोत्तम गोलकीपरचा पुरस्कार) घेतला. नॉर्वेत तो शिकला नसेल असं नाही, पण नाव झालं ते रोज गोलमध्ये उभं राहून.

वयाची घाई मात्र कीपरला कमी असते. गोलकीपर डिनो झॉफ चाळिसाव्या वर्षी, १९८२ साली, इटलीचा कर्णधार म्हणून वर्ल्ड कप जिंकला. इटलीचाच कीपर बुफॉन, त्यानं २०२३ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी ग्लोव्ह्ज उतरवले. चेंडू कुठून येणार हे ओळखायलाच वर्षं जातात, त्यामुळे कीपर उशिरा पिकतो. सोळाव्या वर्षी कुठं निवड झाली नाही म्हणून पोराला गोलमधून काढू नका.

आता वाट. शाळेतून सुब्रतो कप, म्हणजे शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा, खेळवा. पंधरा आणि सतरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा असतात, तालुका, जिल्हा, विभाग असं चढत जायचं. त्याच जोडीला नागपूर-कामठी. भंडारा रोड स्टेशनवरून नागपूरच्या गाडीत बसलात की कामठी वाटेतच लागतं, आणि छावणीचं हे गाव फुटबॉलवेडं आहे. कामठीचा रब्बानी, नागपूरचा राहुल अशा क्लबांच्या मॅच बघायला पोराला नुसतं घेऊन जा. गोलमागं उभा राहून त्यानं कीपरच बघायचा, चेंडू नाही. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो कुठं उभा असतो, कोणावर ओरडतो, हे टीव्हीवर कधीच दिसत नाही. मोठ्या निवासी अकादमींच्या ट्रायल होतात, नवी मुंबईची रिलायन्स फाउंडेशनची शिष्यवृत्तीवाली आहे. ट्रायल द्या, पण ती एकच आशा ठेवू नका.

घरी काय करायचं? पडायला शिकवा. आपल्याकडं मैदान म्हणजे मुरूम नाहीतर धान कापल्यावरची टणक बांधी. त्यावर पोरं पडायला घाबरतात आणि कोपर किंवा तळवा आधी टेकवतात. मनगट जातं ते तिथंच. तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) हातभर जाड थर पसरवा, वर जुनी ताडपत्री टाका. आधी गुडघ्यावर बसून, मग उकिडवं, मग उभं राहून. मांडीची कड, कंबर, खांदा या क्रमानं अंग जमिनीला लागलं पाहिजे. चेंडू पकडताना एक हात त्याच्या मागं, दुसरा वर. आठवडाभरात पोराची भीती जाते, मग मातीवरही तो तसाच पडतो. आमचा एक पोट्टा तर आता वर्गात पेन पडला तरी झेप घेतो, मास्तर वैतागलेत.

पायांकडं दुर्लक्ष करू नका. १९९२ पासून आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला पास कीपरला हातात घेता येत नाही, त्यामुळे दोन्ही पायांनी पास देता येणारा कीपरच हल्ली निवडतात. गावात मात्र ज्याला खेळता येत नाही त्यालाच गोलमध्ये उभं करतात. शाळेच्या सरावात त्याला अर्धा वेळ मैदानात खेळवायला सांगा. उंचीचंही खरं सांगतो: वरच्या क्लबांना सहा फुटांच्या आसपासचा किंवा त्याहून उंच कीपर लागतो, कारण गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच आहे. तुमच्या घरात सगळे ठेंगणे असतील तर शिकवणं बंद करू नका, पण आयएसएलची स्वप्नं विकत घेऊ नका.

ग्लोव्ह्ज महागाचे घेऊ नका. मुरमावर लॅटेक्स महिन्यात फाटतं. सरावाला जुने, मॅचला बरे. धुऊन सावलीत वाळवायचे. आपल्या मे महिन्याच्या उन्हात एक दुपार टाकले तरी रबर तडकतं.

नाही जमलं तर? फुटबॉलमधल्या पैशाचा भरवसा धरू नका. २०२५ मध्ये आयएसएलचाच सीझन लटकला आणि काही क्लबांनी पगार थांबवले होते. पण रेल्वे, पोलीस, सैन्य इथं कीपरला मागणी असते, आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. भारताच्या १९६२ च्या आशियाई खेळांतल्या सुवर्णपदकवाल्या संघातला गोलकीपर पीटर थंगराज सैन्यातूनच पुढं आला. म्हणून दहावी-बारावी सोडू देऊ नका. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षण करता येतं, आणि गोलकीपिंग कोचचे वेगळे अभ्यासक्रम आता निघालेत.

या महिन्यात एकच काम करा. जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर, आधार, तिन्हींवर जन्मतारीख एकच आहे का बघा. नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासतात, आणि खेळ चांगला असूनही कागदात अडकून परत आलेली पोरं मी पाहिली आहेत. स्पर्धांची प्रमाणपत्रं मूळच जपून ठेवा, झेरॉक्सवर आरक्षण मिळत नाही.