खेळघर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शाळेच्या प्रश्नमंजूषेत ‘विश्वचषक फुटबॉलमधली पहिली हॅटट्रिक कोणाची?’ असं विचारलं होतं. मुलाने घरातल्या जुन्या पुस्तकात बघून अर्जेंटिनाचा स्टाबिले लिहिलं. ते चूक धरलं आणि अमेरिकेच्या पॅटनॉडचं नाव सांगितलं. खरं काय? – एक पालक, अमळनेर

उत्तर : पॅटनॉडच. तुमचं पुस्तक २००६ च्या आधीचं असणार.

१७ जुलै १९३० ला मॉन्टेव्हिडिओत अमेरिकेने पॅराग्वेला ३-० ने हरवलं. स्टाबिलेचे मेक्सिकोविरुद्धचे तीन गोल १९ जुलैचे. तारखांचा घोळ कधीच नव्हता, घोळ होता दुसऱ्या गोलचा. १५ व्या मिनिटाचा हा गोल कुणी कर्णधार टॉम फ्लोरीच्या नावावर टाकला, तर कुणी पॅराग्वेचा स्वयंगोल धरला. पॅटनॉडच्या खात्यात दोनच उरले. त्या काळी पाठीवर क्रमांक नसत (विश्वचषकात ते १९५० पासून आले), त्यामुळे गोलसमोरच्या गर्दीत शेवटचा पाय कुणाचा, हे लांबून कळणं कठीणच. फिफाने तिन्ही गोल त्याचे म्हणून नोव्हेंबर २००६ मध्ये मान्य केले. तो १९७४ मध्येच वारला होता.

प्रश्न : हा पॅटनॉड एका सामन्यापुरताच का? – एक वाचक, धुळे

उत्तर : मुळीच नाही. देशाकडून तो चारच सामने खेळला, पण गोल सहा. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने ६-१ ने धुतलं तेव्हा मात्र त्याची पाटी कोरी राहिली. बदली खेळाडूची सोय नव्हती आणि राल्फ ट्रेसीचा पाय मोडल्यावर अमेरिकेला उरलेला खेळ दहा जणांवर काढावा लागला.

गाव त्याचं फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्समधलं. प्रताप मिलच्या भोंग्यावर वाढलेल्या अमळनेरकरांना हे गाव लगेच उमगेल : कापसाच्या गिरण्या, बाहेरून आलेले कामगार आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉल. तो खेळायचा त्या तिथल्या मार्क्समेन संघाचं मैदान राज्याची हद्द ओलांडून ऱ्होड आयलंडमधल्या टिव्हर्टनला बांधलं होतं, कारण मॅसॅच्युसेट्सचे कायदे रविवारच्या खेळाच्या आड येत. संघाला नाव मालक सॅम मार्कचं. अर्थ ‘नेमबाज’ निघतो, तो बोनस. या संघाने १९३० चा नॅशनल चॅलेंज कप, म्हणजे अमेरिकेतल्या क्लबांची देशव्यापी स्पर्धा, जिंकला. मंदीत गिरण्या बसल्या, तसा प्रेक्षकही आटला. मार्कने १९३१ मध्ये संघ न्यूयॉर्कला हलवला, पॅटनॉडही गेला. पुढे १९३५ मध्ये सेंट लुईसच्या संघाकडून त्याने पुन्हा हाच कप उचलला.

प्रश्न : आमच्या स्पर्धेत गोल कुणाचा यावरून दरवर्षी वाद होतो. नोंद कशी ठेवावी? – एक आयोजक, भुसावळ

उत्तर : नोंदणारे दोन ठेवा, दोन्ही गोलांमागे एकेक. मध्यरेषेवरच्या टेबलाजवळून शेवटचा स्पर्श दिसत नाही आणि मे महिन्यातल्या धुळीत तर पाठीवरचा क्रमांकही नाही. प्रत्येक गोलमागे चार गोष्टी लिहा : मिनिट, क्रमांक, पास देणाऱ्याचा क्रमांक, आणि पाय, डोकं की पेनल्टी. घड्याळात १४ मिनिटं २० सेकंद झाली असतील तर १५ वं मिनिट लिहितात. इथे बहुतेक जण एकाने चुकतात.

चेंडू बचावपटूला लागून आत गेला तर मूळ फटका कुठे चालला होता ते बघा. गोलकडेच असेल तर गोल मारणाऱ्याचा. बाहेर चाललेला चेंडू बचावपटूने आत वळवला तर स्वयंगोल. मध्यंतरात दोन्ही कागद जुळवून घ्या आणि सामना संपताच, खेळाडू बूट सोडायच्या आत, पंच आणि दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तिघांच्या तीन आठवणी निघतात.