पहिल्यांदा नाळ चढून जा

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून हरपूड, वरोती, मोहरी करत बोराट्याच्या नाळेने, म्हणजे कड्यातल्या त्या अरुंद घळीने, पाने गावात आणि तिथून रायगड, असा बेत आहे. चौघं जण, डिसेंबरचा दुसरा आठवडा. महिना चांगला निवडला आहेस. चौघं हेही बरोबर: एकाचा पाय मुरगळला तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात. बूट आणि सॅक यांवर दीड पान लिहिलं आहेस, नाळेबद्दल मात्र एकच ओळ: ‘तिथे गेल्यावर बघू.’ म्हणून हे पत्र बहुतेक त्या एका ओळीसाठी.

आधी डोंगर कसा रचला आहे ते डोळ्यांसमोर आण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यातून हा सह्याद्री झाला. घट्ट थराचा उभा कडा उरतो, ठिसूळ थर झिजून त्याची आडवी पट्टी होते. कोकणातून वर पाहिलंस की कडा, मग झाडीचा पदर, पुन्हा कडा, असं दिसतं ते त्यामुळे. जुन्या घाटवाटा याच रचनेवर चालतात. कडा जिथे फुटला आहे तिथून खाली, मग पदराने आडवं, मग पुढची फट सापडली की पुन्हा खाली. पाण्याला असा वळसा लागत नाही, ते सरळ उडी मारतं. आपल्याकडे वाट चुकलेला माणूस ‘ओढा धरून उतरलं की गाव लागतं’ म्हणत निघतो आणि कोरड्या धबधब्याच्या डोक्यावर येऊन अडकतो. पाण्याच्या मागे जाऊ नकोस.

अडकण्याची रीत ठरलेली आहे. पहिला टप्पा सहा फुटांचा, उडी मारून पार होतो. दुसरा दहा-बारा फुटांचा, त्यावरून बसून घसरत येता येतं. तिसरा ऐंशी फुटांचा. तेव्हा मागे वळावं तर दुसरा टप्पा गुळगुळीत, वर हात पोचत नाही. खाली जाता येत नाही, वर जाता येत नाही, आणि उजेड संपत आलेला असतो. यावर एकच उपाय मला खात्रीचा वाटतो. अनोळखी टप्पा सॅक न घेता एकाने उतरायचा आणि लगेच पुन्हा चढून दाखवायचा. चढता आला तरच बाकीच्यांनी उतरायचं. यात दहा मिनिटं जातात, ती जाऊ देत.

बोराट्याची नाळ याचंच उदाहरण आहे. रायलिंगच्या पठाराशेजारून ती सुरू होते, आत मोठाले धोंडे पडलेले आहेत, उतार जबर आहे. पण वाट नाळेच्या तळापर्यंत जात नाही. मधेच ती नाळ सोडते आणि कड्याला बिलगून आडवी लिंगाण्याच्या सुळक्याजवळच्या खिंडीकडे निघते. तिथून लिंगाणा माची, मग पाने. वरून उतरताना नजर खालच्या धोंड्यांवर असते, त्यामुळे ही फुटणारी आडवी वाट नेमकी नजरेतून सुटते. ती आडवी अरुंद आहे, एका बाजूला खोल दरी. तिथे कुणी बांधून ठेवलेला दोर दिसला तर त्यावर भार टाकू नकोस. उन्हाने नायलॉन कमकुवत होतो आणि तरी बाहेरून धड दिसू शकतो.

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा जरूर घे, पण त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या २० मीटर अंतराने असतात. सहा मजली इमारतीएवढा कडा दोन रेषांच्या मधे लपू शकतो. मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला कुणाचा तरी ट्रॅक असला तरी नाळेत दोन्हीकडच्या भिंतींमुळे उपग्रहांचे संकेत नीट येत नाहीत, आणि ठिपका तीस-चाळीस मीटर इकडे-तिकडे पडू शकतो. आडव्या वाटेच्या तोंडाशी एवढी चूक चालत नाही.

आता पायांखालचं. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, माणूस घाबरला की मागे रेलतो, टाच टेकवतो आणि तिथेच घसरतो. वजन पायांच्या वर ठेव, गुडघे किंचित वाकलेले, अख्खा तळवा टेकलेला. हात घालण्याआधी दगडावर तळहाताने थाप मार. पोकळ आवाज आला, नुसता हलला, तरी सोडून दे. कारवीचा आधार चांगला, पण ओली, हिरवी आणि बुंध्याशी धरलेली. वाळकी कारवी काड्कन मोडते. डिसेंबरातलं पिवळं गवत उतारावर चटईसारखं निसटतं, त्यावर सरळ पाय टाकू नकोस. नाळेत एकाखाली एक असाल तर दोनच पद्धती: एकमेकांना अगदी लागून चला, म्हणजे सुटलेल्या दगडाला वेग यायला जागा मिळत नाही, नाहीतर एकाने चालायचं आणि बाकीच्यांनी भिंतीच्या आडोशाला उभं राहायचं. दगड सुटला की कुणाचा सुटला याचा विचार न करता ‘दगड!’ म्हणून ओरडायचं.

त्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, सगळं बंद. आडव्या वाटेवर शिरण्याआधी वरचा कडा नीट न्याहाळ. काळा, पानासारखा लोंबणारा पोळ्याचा आकार जवळ दिसला तर त्या दिवशी तिकडून जायचं नाही. उघड्या जागी माश्या आल्याच तर तोंड-मान झाकून तिथून लांब जा, हात झटकू नकोस. आडव्यावर मात्र पळायला जागाच नाही.

वेळेचा हिशेब करताना नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा उपयोगी पडतो. आजच्या मापात तो साधारण असा: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आपल्या घाटवाटांवर सॅकसह येणारं उत्तर मी दुप्पट धरायला सांगतो. नाळेत उतार म्हणजे सूट समजू नकोस, चढाइतकाच वेळ लागतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुपारी दोनपर्यंत आडवी वाट पार झाली नसेल तर परत फिरायचं, हे घरूनच ठरवून या. तिथे चर्चा करायला बसलात तर जो सगळ्यात उत्साही, त्याचंच सगळे ऐकतात.

पाणी माणशी चार लिटर, मधे भरायला मिळेल हे गृहीत न धरता. उलट्या-जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नकोस. फुरसं हा विषारी साप दगडांखाली असतो, चावला तर चिरायचं नाही, आवळायचं नाही. तो अवयव न हलवता माणसाला उचलून न्यायचं आणि १०८ ला फोन करायचा.

गावात चौकशी करतानाही एक गोष्ट सांभाळ. ‘ही वाट जाते ना?’ असं विचारलंस तर ‘जाते की’ असंच उत्तर येईल. त्याऐवजी विचार: काका, तुम्ही शेवटचे कधी गेला होता? यंदाच्या पावसात दरड आली का? गुरं जातात का? ज्या वाटेने आता कुणीच जात नाही ती दोन पावसांत मोडते. त्यातून वाटाड्या घ्यावासा वाटेल, आणि घ्यावाच. तो तुम्हाला पोचवून पुन्हा तेवढंच अंतर एकटा परततो, म्हणून पैसे दोन दिवसांचे दे आणि आकडा निघण्याआधी बोलून घे. जेवायला त्याला आपल्याबरोबर बसव.

आता मूळ बेताबद्दल. तो उलटा करावास असं मला मनापासून वाटतं. रायगडाकडून पाने, पहाटे लिंगाणा माची, खिंड, आडवी, मग नाळेच्या वरच्या भागातून मोहरी. चढताना अवघड टप्पा समोर, नजरेच्या उंचीवर येतो. जमला नाही तर ज्या वाटेने आलास ती पायांखाली शाबूत असते. उतरताना तोच टप्पा कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय एकदा चढलेली आडवी पुढच्या वर्षी वरून येताना ओळखू येईल. नाळेत मन धजलं नाही तर सिंगापूर नाळ आहे, ती दापोली गावात उतरते आणि त्या मानाने सौम्य आहे.

हा उलटा बेत कागदावर मांड. प्रत्येक टप्प्यापुढे पोचायची वेळ आणि परत फिरायची वेळ, दोन्ही लिही. चौघांची नावं, रक्तगट आणि घरचे फोन त्याच कागदावर. एक प्रत घरी ठेव: कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं, तेही त्यावर असू दे. दुसरी प्रत मला पाठव. मी वाचून वेळा दुरुस्त करून उलट टपाली धाडतो.

तुझा,
काका